दुरुस्ती झाली, पण दिवा विझेना!

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, नाटकाचा दुसरा अंक रंगात आला की प्रेक्षागृहातून एकदोघं तरी फोन कानाला लावून बाहेर पडताना दिसतात. "सर्व्हर पडलाय" एवढंच पुटपुटून ही मंडळी गाडीकडे पळतात, ती मध्यरात्र उलटल्यावर घरी उगवतात. मग घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "बिघडलेला पार्ट बदलायला पंधरा मिनिटं लागतात म्हणता ना? मग उरलेले तीन तास करता तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही चौघंजण ह्याच धंद्यातले, आणि चौघांच्याही घरी तो विचारून झालेला आहे. त्याचं उत्तर तुकड्या-तुकड्याने देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, म्हणून हा प्रपंच. उत्तर थोडक्यात असं : पार्ट बदलणं ही निम्मी दुरुस्ती. उरलेली निम्मी म्हणजे यंत्राने स्वतःच्या दप्तरी जी तक्रार लिहून ठेवलेली असते, ती खरोखर दूर झाल्याची खात्री करून मगच खोडणं.

यंत्राच्या पोटातला राखणदार

डेटा सेंटर पुष्कळांनी बाहेरूनच पाहिलेलं असतं. व्हर्जिनियात लाउडन काउंटीमध्ये ॲशबर्नच्या आसपास गाडी नेलीत तर खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारतींच्या रांगाच्या रांगा दिसतील, त्या ह्याच. आत लोखंडी घडवंच्या, म्हणजे रॅक. समोरच्या पट्टीसकट रॅकची रुंदी १९ इंच, आणि उंची मोजायचं माप 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आजीच्या माजघरात एकावर एक ट्रंका रचलेल्या असत, तसे ह्या रॅकमध्ये एक यू, दोन यू उंचीचे सर्व्हर एकावर एक बसवलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडावर दोन-तीन बारीक दिवे. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळसर नारिंगी, ज्याला इथे ॲम्बर म्हणतात, तो म्हणजे 'माझ्याकडे कोणीतरी बघा'.

हा नारिंगी दिवा लावतो कोण? मुख्य सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा, स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. मोठं यंत्र बंद केलं तरी वायर भिंतीत खोचलेली आहे तोवर हा जागाच. पंखे किती वेगाने फिरताहेत, तपमान किती, वीजपुरवठा नीट आहे का, मेमरी कुरकुर करते आहे का, ह्यावर तो रात्रंदिवस नजर ठेवतो. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी ह्या कंपन्यांनी १९९८ साली अशा राखणदारांसाठी आयपीएमआय नावाचे सामाईक नियम ठरवले. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ म्हणते, आणि सनच्या यंत्रांत त्याचं नाव आयलॉम. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला ह्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, हे जाता-जाता सांगायला हरकत नाही. २०१० साली ओरॅकलने ती विकत घेतली. आम्हा चौघांचे हात ह्याच यंत्रांवर बसलेले आहेत, म्हणून पुढची उदाहरणं त्यांचीच देतो. तत्त्व मात्र सगळीकडे सारखं.

एक चूक म्हणजे बिघाड नव्हे

आता हा राखणदार तक्रार केव्हा लिहितो, ते पाहू. मेमरीचं उदाहरण सोपं पडेल. मेमरीत शून्य आणि एक साठवलेले असतात, आणि कधीतरी त्यातला एखादा उगीचच उलटा होतो. बेल लॅब्जमधले गणिती रिचर्ड हॅमिंग ह्यांनी १९५० साली ह्यावर तोडगा प्रसिद्ध केला : मूळ माहितीबरोबर थोडे जादा अंक ठेवायचे, म्हणजे चूक नुसती कळते असं नाही, ती कुठे झाली तेही कळतं आणि सुधारता येते. सर्व्हरच्या मेमरीत माहितीच्या ६४ अंकांमागे असे ८ जादा अंक ठेवण्याची पद्धत रूढ झाली, ती त्याच घराण्यातली. एक अंक उलटला तर यंत्र स्वतःच तो सरळ करतं. एकदम दोन उलटले तर मात्र 'चूक आहे' एवढं कळतं, ती सुधारता येत नाही. मग चुकीचा हिशोब पुढे ढकलण्यापेक्षा यंत्र सरळ काम थांबवतं.

अशा सुधारता येणाऱ्या चुका काही दुर्मिळ नाहीत. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली गूगलच्या असंख्य सर्व्हरची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत आणि ८ टक्क्यांहून अधिक मेमरीच्या पट्ट्यांमध्ये निदान एक तरी अशी चूक झालेली आढळली. शिवाय एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता न चुकलेलीपेक्षा कित्येक पटींनी जास्त, असंही दिसलं. म्हणून यंत्र एका शिंकेला न्यूमोनिया म्हणत नाही. ते शिंका मोजतं. ठराविक वेळात ठराविक संख्येच्या वर गेल्या की मगच निदान करतं.

२००५ साली आलेल्या सोलारिस १० मध्ये सनने हे निदानाचं काम फार पद्धतशीर बसवलं. बिघाड ठरला की त्याची रीतसर नोंद होते. तिला स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो, निदान केव्हा झालं ती वेळ असते, कुठल्या जातीचा बिघाड ते असतं, आणि संशयितांची यादी असते. हो, संशयितच! 'ही पट्टी, खात्री ९५ टक्के' असा प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो. मग नारिंगी दिवा लागतो, आणि शक्य असेल तर तो संशयित भाग कामातून बाजूला काढला जातो.

पुढचं काम हाताचं. समोरचा पांढरा दिवा लांबूनच लुकलुकता करून ठेवायचा, म्हणजे शेकडो जुळ्या भावंडांतून नेमकं यंत्र सापडतं. मनगटाला पट्टा बांधून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची. झाकण उघडलं की आत एक छोटं बटण असतं. वायर काढल्यावरही काही मिनिटं ते दाबलं तर बिघडलेल्या पट्टीशेजारचा इवलासा दिवा लागून बोट दाखवतो. ही सोय नसती तर 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार रोज झाला असता. पट्टी बदलायची, झाकण लावायचं, वीज द्यायची. झाली पंधरा मिनिटं.

आणि दिवा? तसाच!

सातबाऱ्यावरचा बोजा

गावाकडे ज्यांची शेती होती त्यांना हे चटकन कळेल. विकास सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' ह्या रकान्यात बोजा चढे. कर्ज फेडलं, पावती खिशात आली, तरी सातबारा काही आपोआप कोरा होत नसे. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन वडील तलाठ्याकडे जात, अर्ज देत, फेरफाराची नोंद होई, आणि ती मंजूर झाल्यावरच बोजा उतरे. इथेही घराचं कर्ज फिटल्यावर काउंटीच्या दप्तरी तशी नोंद व्हावीच लागते. कर्ज फेडणं वेगळं, बोजा उतरवणं वेगळं.

सर्व्हरचंही तसंच. बिघाडाची नोंद वीज गेली तरी पुसली जात नाही, आणि ती मुद्दाम तशी केलेली आहे. बंद करून पुन्हा चालू केल्यावर नोंद नाहीशी होत असती, तर मोडकं यंत्रसुद्धा दर सकाळी शहाण्यासारखं तोंड करून उभं राहिलं असतं. काही भागांच्या बाबतीत तर नोंद त्या भागाच्या अंगावरच, त्याच्यातल्या इवल्याशा चिपमध्ये लिहिली जाते. असा भाग काढून दुसऱ्या यंत्रात बसवला तर बोजा त्याच्याबरोबर तिकडे जातो!

ज्या भागांना अशी स्वतःची ओळख-चिप असते, ते बदलले तर राखणदार नवा सिरियल नंबर वाचून समजून घेतो की पाहुणा बदलला, आणि नोंद आपणहून उतरवतो. ज्यांची ओळख त्याला अशी पटवून घेता येत नाही, त्यांच्याबाबत मात्र त्याला बिचाऱ्याला कळायला मार्ग नाही. तिथे माणसानेच येऊन सांगावं लागतं.

सांगायचं कसं?

रीत साधी आहे, पण क्रम महत्त्वाचा. प्रथम 'शो फॉल्टी' अशी आज्ञा देऊन सगळ्या तक्रारींची यादी काढायची आणि ती जपून ठेवायची. नोंद खोडली तरी जुना इतिहास सहसा वेगळ्या वहीत शिल्लक राहतो, पण पार्टच्या वॉरंटीसाठी कंपनीला हा कागद दाखवावा लागतो. काही यंत्रांच्या घटनांच्या वहीत जागाही बेताचीच असते. ती भरली की नव्या घटना लिहिल्याच जात नाहीत, म्हणून पुष्कळजण वही सरसकट कोरी करतात. कोरी करण्याआधी तिची प्रत काढलेली बरी.

दुसरी पायरी, यादीतला संशयित आणि आपण बदललेला भाग एकच आहे ना, हे सिरियल नंबरावरून ताडून पाहायचं. तिसरी, त्या भागाचं नाव घेऊन 'क्लिअर फॉल्ट ॲक्शन' खरं करायचं. यंत्र विचारतं, "नक्की ना?" आपण हो म्हणायचं. चौथी पायरी पुष्कळजण विसरतात : यादी पुन्हा काढायची. ती रिकामी हवी, दिवा विझलेला हवा, आणि एकूण मेमरी मोजून पूर्ण भरायला हवी. राखणदाराची एक वही आणि ऑपरेटिंग सिस्टिमची दुसरी, अशा दोन वह्या असल्या तर दोन्ही तपासायच्या. मग चाचण्या चालवायच्या, आणि यंत्रावर कामाचा बोजा असताना काही दिवस नजर ठेवायची. तीन तास जातात ते इथे.

सोलारिसमध्ये ह्या सांगण्याचेही तीन प्रकार आहेत, आणि ते आम्हाला फार आवडतात. 'रिप्लेस्ड' म्हणजे भाग बदलला. 'रिपेअर्ड' म्हणजे बदलला नाही पण दुरुस्त केला, उदाहरणार्थ सैल बसलेली पट्टी काढून घट्ट बसवली. आणि तिसरा 'ॲक्विट', म्हणजे चक्क निर्दोष मुक्तता! ह्याच्यावर उगीच आळ आला होता, खरा गुन्हेगार दुसराच, असं यंत्राला सांगायचं. तिन्हींनी दिवा विझतो. पण काय घडलं, ते तिन्हींत वेगळं सांगितलं जातं, आणि पुढे तोच बिघाड उलटला तर ह्या फरकावर सारं अवलंबून असतं. एकाच खाचेतली पट्टी बदलूनही तीच तक्रार पुन्हा आली, तर दोष पट्टीचा नाही, खाचेचा किंवा त्यामागच्या बोर्डाचा असण्याची शक्यता जास्त. नोंद नीट ठेवली नसेल तर माणसं पट्ट्यावर पट्ट्या बदलत बसतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

हल्ली हे काम बहुतेक वेळा दोघं मिळून करतात, आणि दोघांमध्ये समुद्र असतो. हात ॲशबर्नमध्ये, डोळे नवी मुंबईत. ऐरोली, रबाळे, महापे ह्या पट्ट्यात आता मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत, आणि तिकडच्या कचेऱ्यांतून इकडच्या यंत्रांची देखभालही चालते. आमच्यातल्या एकाचं तिकडच्या मुलीशी झालेलं हे संभाषण पाहा. दोघंही मराठी आहेत हे कळल्यावर 'सर' आणि 'मॅडम' केव्हाच गळून पडले होते.

"ताई, पट्टी बदलली. दिवा अजून तसाच आहे."

"असू दे. दादा, जुन्या पट्टीवरचा नंबर वाचून दाखवता? सावकाश."

त्याने वाचला.

"जुळला. आता नवीवरचा... बरं. झाकण लावलंत? मग उतरवते आता. विझला का सांगा."

"विझला!"

"थांबा, अजून घरी जाऊ नका. मेमरी मोजू दे मला."

त्या "थांबा" मध्ये आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण आहे.

दोन्हीकडून धोका

कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. दुरुस्ती केली आणि नोंद उतरवली नाही, तर बाजूला काढलेला भाग बाजूलाच राहतो. सोळा पट्ट्यांचे पैसे मोजायचे आणि पंधरांवर काम चालवायचं. त्याहून वाईट म्हणजे नारिंगी दिवा जळतच राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची सवय होते. "तो ना? तो नेहमीच असतो." उद्या दुसरा भाग बिघडला तर यंत्र आणखी कुठला दिवा लावणार? यंत्राच्या तोंडावर तक्रारीचा मुख्य दिवा बहुधा एकच असतो. खऱ्या लांडग्याच्या वेळी कोणी वळूनही पाहत नाही, ती गोष्ट आपण मुलांना सांगत आलोच आहोत.

उलट बाजू अधिक धोक्याची : दुरुस्ती न करताच नोंद उतरवणं. आमच्यापैकी एकाने पाहिलेली गोष्ट सांगतो. एका कंपनीत मोठं गिऱ्हाईक डेटा सेंटर बघायला यायचं होतं. "उद्या सगळे दिवे हिरवे दिसले पाहिजेत", असा वरून निरोप आला. रात्रपाळीच्या पोराकडे सुटे भाग नव्हते, आज्ञा मात्र पाठ होत्या. त्याने साऱ्या तक्रारी उतरवून टाकल्या. पाहुणे खूश होऊन गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण त्यातली एक तक्रार अशा मेमरीच्या पट्टीची होती, जिला यंत्राने शहाणपणाने बाजूला काढून ठेवलं होतं. 'दोष दूर झाला' असं माणसानेच सांगितल्यावर पुढच्या खेपेला यंत्र सुरू होताना त्याने तिला पुन्हा कामावर घेतलं. काही दिवसांनी, नेमकं महिनाअखेरीला, तिच्यात एकदम दोन अंक उलटले आणि यंत्र बसलं. त्यावर पगारपत्रकं निघत होती. त्या महिन्यात पुष्कळ कामगारांचा पगार उशिरा झाला. दिव्याची लबाडी नव्हती, यंत्राचीही नव्हती. यंत्राने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

मोटारीतही हे असंच आहे. १९९६ सालापासून इथे विकल्या जाणाऱ्या मोटारींत ओबीडी-दोन नावाची पद्धत सक्तीची झाली, आणि 'चेक इंजिन'चा दिवा त्या पद्धतीचाच एक भाग. स्वस्तातलं उपकरण लावून तो कोणालाही विझवता येतो. पण कायदा करणारे खमके! कोड पुसला की गाडीच्या आतल्या स्वतःच्या तपासण्याही 'अपुऱ्या' अशा दिसू लागतात. ठराविक प्रकारे गाडी चालवल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत, आणि धुराच्या तपासणीच्या केंद्रावर ते बरोबर पकडलं जातं. सर्व्हरला असं पकडणारं केंद्र नाही. तिथे आज्ञा देणाऱ्याची सचोटी हीच तपासणी.

म्हणून आमच्यातल्या ज्येष्ठाने एक नियम घालून दिला आहे : ज्याने जुना भाग हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचला नाही, किंवा वाचलेला ऐकला नाही, त्याने नोंद उतरवायची नाही. साहेब मागे उभा असला तरी नाही.

ज्यांचा सर्व्हरशी काडीचा संबंध नाही, अशा वाचकांसाठी ह्याचा घरगुती प्रयोग सुचवतो. पुष्कळ फ्रिजमध्ये पाण्याच्या फिल्टरचा दिवा लागतो, आणि बटण थोडा वेळ दाबून धरलं की तो विझतो. फिल्टर बदलला आहे की नाही, हे बहुतेक फ्रिजना कळत नाही. आपण म्हणू तेच ते खरं मानतात. तेव्हा आज स्वयंपाकघरात गेल्यावर फिल्टर बाहेर काढून पाहा. नवा घालणार असाल तर त्यावर मार्करने तारीख लिहा, तो नीट बसवा, ग्लासभर पाणी काढून बघा. आणि मग बटण दाबा.